एकेचाळीस नंबरचा शेवट

३ मार्च

वहिनी,

आधीच सांगतो, हे पत्र कामाचं आहे. घरचं नाही. आईने लिहायला लावलंय असं समजू नकोस, आणि दादाला तर पत्ताच नाही. तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय तेही ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या कागदावर. वर छापील पत्ता आहे बघ.

तुझी गोष्ट निवडली गेलीय. म्हणजे अर्धी. एकशे त्र्याहत्तर जणांनी लिखाण पाठवलं होतं, त्यातले वीस उरले. या विसातले बारा पुस्तकात जातील. तू विसात आहेस. अभिनंदन. (हा शब्द मी विसाही जणांना लिहिलाय, तुझ्यावर वेगळी मेहेरबानी नाही.)

तू म्हणशील, याचा इथे काय संबंध? तर ज्या बाई दरवर्षी नव्या कवी-कथाकारांचं हे पुस्तक काढतात, त्यांच्याकडे मी संपादन सहाय्यक आहे. नाव मोठं, लक्षण खोटं. काम असं: टपाल फोडायचं, लिखाणावरचं नाव काढून नंबर टाकायचा, हाताने लिहिलेलं असलं तर टाइप करायचं, आणि नावाचं बंद पाकीट माझ्या खणात ठेवून कुलूप लावायचं. बाई नंबर वाचतात, माणूस वाचत नाहीत. "माणूस कळला की मी दया तरी करते नाहीतर उट्टं तरी काढते," असं म्हणतात. विसात आलेल्यांची पाकिटं मी एकटा उघडतो, त्यांचा परिचय मागवतो, आणि नावं बाईंना अगदी शेवटी कळतात.

तुझं पाकीट उघडायची गरजच नव्हती. पहिल्या पानावर तो पोटात गाठ मारलेला 'ळ' दिसला आणि मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

वहिनी, तू लिहितेस? कधीपासून?

हे खोडायला हवं, कामाचं नाही. राहू दे.

तर मग तुझी चौदा पानं मी टाइप केली. हसलीस ना? हस. पाच वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तू माझं लिखाण सुवाच्य करून द्यायचीस, कारण माझं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. आता मी तुझं. स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही, विश्वास ठेव. एकेचाळीस तुझा नंबर.

परिचय तीन ओळींचा हवा. वय. काम. यापूर्वीचं लेखन. पंधरा तारखेच्या आत.

संपादन सहाय्यक

१३ मार्च

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. वर "मा. संपादन सहाय्यक यांस" असं लिहिलंयस. बरं बरं. लागलं.

पण हा काय परिचय झाला? "वय चौतीस. कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात साचे घासते. यापूर्वीचं लेखन: ही ओळ तुम्ही भरा, भाऊजी."

मी काय भरू? मला काय माहीत तू याआधी कुठे काय छापलंस? नसेल छापलं तर "नाही" असं लिही, त्यात लाज कसली. विसातल्या अकरा जणांनी "नाही" लिहिलंय.

पायांचे साचे! वहिनी, तुला कळतंय का तू काय केलंस? तू मला बसल्या जागी मारलंस.

थांब, सांगतो. हे परिचय समोर पसरले की माझं डोकं फिरतं. एक कवी क्रेन चालवतो, सगळ्या कविता वरच्या केबिनमध्ये बसून लिहितो, कारण खाली उतरायला वीस मिनिटं लागतात म्हणून दिवसभर उतरतच नाही. एक बाई विमानतळावर पक्षी हाकलायच्या नोकरीत आहे आणि तिने सहा गोष्टी लिहिल्यात, एकीतही पक्षी नाही. एकाने अकरा वर्षं वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिराती लिहिल्या. तो म्हणतो त्याला चाळीस शब्दांच्या वर लिहिताच येत नाही, आणि त्याच्या कविता खरोखर चाळीस शब्दांच्या आहेत, आणि वैताग म्हणजे, चांगल्या आहेत. एकजणी मूकबधिरांच्या शाळेत संगीत शिकवते. विचारू नकोस कसं, मीही पत्र लिहून विचारलंय.

आणि माझा परिचय? जन्म. शाळा. कॉलेज. परत कॉलेज. सध्या लेखन. म्हणजे बिनफोडणीचं वरण. मला कधी कुत्रासुद्धा चावला नाही.

तू म्हणायचीस, "भाऊजी, तुमच्या गोष्टीतली माणसं जेवत का नाहीत कधी?" मी म्हणायचो, हा प्रयोग आहे, तुला नाही कळणार. एक गोष्ट क्रियापदाशिवाय लिहिली होती, आठवते? तू सुवाच्य करून दिलीस आणि म्हणालीस, "छान आहे. फक्त यात कुणी काही करत नाही."

खरं सांगू, मला तुझी गोष्ट वाईट निघायला हवी होती. पहिली चार पानं मी त्या आशेवर टाइप केली. विधवा बाई नवऱ्याचा खोटा पाय कारखान्यात परत करायला येते. आलं रडगाणं, म्हटलं. तिला कळतं की त्यातला गुडघ्याचा सांधा काढून दुसऱ्या कुणाला बसवणार. आता हंबरडा फोडणार, म्हटलं. तर ती विचारते, "त्याची उंची किती?" मग ती बाकावर बसून राहते. आत नवा माणूस दोन दांड्यांच्या मधून पहिल्यांदा चालतो. गुडघ्याचा टक टक आवाज येतो. आणि ती उठते आणि दार उघडते, जशी घरी आवाज ऐकून उघडायची. संपली गोष्ट.

मी टाइपरायटरवर हात ठेवून बसलो. बाईंनी आत येऊन विचारलं, "काय रे, बरं नाही का?"

म्हटलं, आम्लपित्त.

तिसरी ओळ पाठव.

तुझा (माजी?) दीर

२२ मार्च

वहिनी,

तिसरी ओळ आली नाही. असो.

तुला एक सांगायचं नव्हतं, पण सांगतो. मंगळवारी मी तुझ्या कारखान्याच्या रस्त्यावर आलो होतो. छापखान्यात काम होतं. (छापखाना दुसऱ्या टोकाला आहे. खोटं का बोलू.)

समोरच्या फुटपाथवर उभा होतो. तुमची खिडकी उघडी होती. फळीवर पायच पाय, पांढरे, अर्धे, उलटे ठेवलेले, त्यांना पेन्सिलने नावं घातलेली. तू कानस घेऊन एक साचा मांडीत धरून घासत होतीस, कोपरापर्यंत प्लास्टर. शेजारचा चष्मेवाला माणूस काहीतरी म्हणाला आणि तू इतकी हसलीस की साचा खाली पडता पडता वाचला. तो म्हणाला, "अहो बाई, माणसाचा पाय आहे तो!" तू म्हणालीस, "मग त्यानेच धरावा ना!"

आमच्या घरी तू असं हसल्याचं मला आठवत नाही. तोंडावर हात असायचा.

मला जळायला झालं. हसण्यावर नव्हे. म्हणजे त्यावरही. पण जास्त कशावर ते ऐक: तो साचा घासताना तू थांबायचीस, बोट फिरवायचीस, परत एकदाच कानस मारायचीस. एकदाच. तुझ्या गोष्टीतली वाक्यं तशीच आहेत. म्हणजे तुला ते कामावर फुकटात मिळालं आणि मी नऊ वर्षं वाचनालयात डोळे फोडून घेतोय.

आत आलो नाही. रस्ता ओलांडला आणि बससाठी उभा राहिलो.

आता कामाचं. एक छोटीशी अडचण आलीय, घाबरू नकोस. विसाचे बारा करायला दुसरं वाचन चालू आहे. बाई आणि समितीतले ते भूलतज्ज्ञ कवी. सकाळी माणसांना झोपवतात, दुपारी इथे येऊन आम्हाला. त्यांचं म्हणणं पडलं की एकेचाळीसचा शेवट आधी छापलेल्या एका गोष्टीसारखा वाटतो. नक्कल नाही म्हणाले. मग म्हणाले, तशी नक्कलच.

बाईंनी एकेचाळीसची पानं वेगळ्या ढिगावर ठेवली.

बघू. मी आहे ना इथे.

दीर

२९ मार्च

वहिनी,

कार्डावर एकच शब्द. "कुठल्या?"

अगं कुठल्या तरी. साहित्यात असं होतंच. हवेत असतात कल्पना. भूलतज्ज्ञांनाही नीट आठवत नव्हतं.

मी एक मार्ग काढलाय, चिडू नकोस. शेवट थोडा बदलूया. दार उघडते ते काढायचं, बाई बाकावर बसलेलीच ठेवायची आणि तिच्या मनात काय चाललंय त्याचं एक पान घालायचं. मी मसुदा करून पाठवतो, तू फक्त हो म्हण. नऊ तारखेला शेवटची बैठक आहे, त्याआधी नवी पानं नंबर टाकून ढिगात सरकवतो. कुणाला कळणारही नाही. बाकी गोष्ट उत्तमच आहे. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय.

आई बरी आहे. तुझा विषय काढला की म्हणते, "तिच्या हातची घडी कुणाला येत नाही." चादरीची घडी. एवढंच म्हणते. दादा तसाच. जेवताना बोलत नाही, जेवण झाल्यावरही नाही. माझं बरं चाललंय. विचारलं नाहीस, तरी सांगतो: माझं पुस्तक येतंय. पहिलं. बाईच काढतायत, पावसाळ्यानंतर. दहा गोष्टी. नाव 'कुलूप', म्हणजे ती बक्षीसवाली. बाई म्हणतात तीच कणा आहे पुस्तकाचा.

मसुदा पाठवू ना?

दीर

४ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र आलं. चार पानी. मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. वर "लेखकराव" लिहिलंयस. पाच वर्षं याच नावाने चिडवायचीस, तेव्हा गोड वाटायचं.

तू लिहिलंयस ते मी इथे परत उतरवतो. तुझं मला नेहमी उतरवावंच लागतंय, घे.

"कुठल्या गोष्टीसारखा ते मला माहीत आहे, भाऊजी. तुम्हालाही. मी एवढंच विचारते, ते म्हणाले तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

बरं. सांगतो. उत्तर तुला आवडणार नाही.

भूलतज्ज्ञ म्हणाले, "हा शेवट आपल्या या पोराच्या 'कुलूप'सारखा आहे. तिथे मेलेल्या बापाचा चष्मा मुलाला बरोबर बसतो, इथे मेलेल्याचा गुडघा दुसऱ्याला बसतो, आणि दोन्हीकडे खटकन गोष्ट बंद." बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "ओळखतोस का या एकेचाळीसला?"

मी म्हणालो, "नाही हो. असेल कुणी माझी वाचक."

माझी वाचक. असं म्हणालो मी. आणि वर हसलो. आणि भूलतज्ज्ञांनी माझ्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "नक्कल व्हायला लागली, म्हणजे मोठा झालास रे." आणि वहिनी, मला बरं वाटलं. दुपारभर बरं वाटत होतं. हेही लिहितो, कारण आता काय लपवायचं.

आता मागचं. तू लिहिलं नसतंस तर मी कधी बोललो नसतो, कदाचित मरेपर्यंत.

'कुलूप'चा माझा शेवट सव्वा पानाचा होता. बाप वारलाय, मुलगा घड्याळांचं दुकान कायमचं बंद करायला आलाय, आणि माझा मुलगा शटरला टेकून काळ म्हणजे काय यावर सव्वा पान विचार करतो. तू संध्याकाळी सुवाच्य करून दिलंस. दुसऱ्या दिवशी पोस्टात टाकायच्या आधी मी शेवटचं पान उघडलं. मला वाटलं तू एक पान उतरवायला विसरलीस. सव्वा पान गायब, त्या जागी चार ओळी. नंबरी कुलपाचे आकडे बारीक, मुलाला दिसत नाहीत. तो खणातला बापाचा चष्मा लावतो. आकडे दिसतात. कुलूप लागतं.

पोस्टाच्या काउंटरवर गोंद असतो ना डब्यात. मी तिथे उभा राहून त्या चार ओळी तीनदा वाचल्या. आणि पाकीट चिकटवलं.

घरी येऊन तुला काही बोललो नाही. तू पोळपाट धुवत होतीस. तू वळून बघितलंस माझ्याकडे, मी पाणी प्यायलो आणि खोलीत गेलो.

तू लिहितेस, "तीन आठवडे मी वाट बघितली, तुम्ही ओरडाल म्हणून. माझ्या गोष्टीला हात कसा लावलास म्हणून. ओरडला असतात तर बरं झालं असतं. मग आपण भांडलो असतो, आणि भांडताना तरी कळलं असतं की ते माझं होतं."

मला हे माहीत नव्हतं. मला वाटायचं तू विसरलीस.

मग बक्षीस. परीक्षकांनी व्यासपीठावर त्या चार ओळीच वाचून दाखवल्या. दुसरं काही वाचलं नाही, बाकीच्या गोष्टीतलं एक वाक्य नाही. तू तिसऱ्या रांगेत आई आणि दादाच्या मध्ये बसली होतीस. मी आभार मानले. कॉलेजच्या सरांचे, आईचे, वाचनालयाचे. आणि मग म्हणालो, "माझ्या वहिनीचेही आभार, तिचं अक्षर फार सुंदर आहे." लोक हसले. छान हसले. तूही हसलीस, तोंडावर हात ठेवून.

पाच महिन्यांनी तू गेलीस. मी तीन वर्षं मनात धरून होतो की माझ्यामुळे गेलीस. त्यावर तुझं उत्तर: "तुम्हाला वाटतं सगळं जग तुमच्यामुळेच हलतं. मी तुमच्या दादामुळे गेले. सहा वर्षं एका छताखाली राहून त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही, 'मीठ कुठाय' सोडून. तुमचा अपराध निराळा आहे, तो त्यांच्या अपराधात मिसळू नका. वेगळा ठेवा."

वेगळा ठेवतो.

आणि शेवटची ओळ तुझी: "शेवट बदलणार नाही. माझा आहे. दोन्ही माझे आहेत."

वहिनी, नऊ तारखेला मी काय करणार हे मला माहीत नाही. वचन देत नाही. 'कुलूप' गेली तर माझ्या पुस्तकात उरतं काय? क्रियापद नसलेली गोष्ट. मी दोन दिवस त्या नऊ गोष्टी चाळतोय, तुझ्या डोळ्यांनी. कुणी जेवत नाही गं त्यात.

एक आणखी. पहिल्या पत्रात मी म्हणालो होतो, स्वल्पविराम हलवला नाही. हलवला होता. तुझी गोष्ट टाइप करून झाल्यावर मी वेगळ्या कागदावर तिला माझा शेवट जोडून बघितला. बाईच्या मनात काय चाललंय त्याचं एक पान, ज्याचा मसुदा करून पाठवतो म्हणालो तेच. तयारच होतं. सगळीकडून लावून बघितलं. बसेना. तुझ्याकडे पाय बसत नाही तेव्हा काय करता तुम्ही? घासता ना? मी घासलं. शेवटी कागदच उरला नाही.

लेखकराव

१० एप्रिल

वहिनी,

काल काय झालं ते जसंच्या तसं सांगतो, मध्ये प्रयोग करत नाही.

दुपारी तीनला बैठक. अकरा नक्की झाले. पक्षी हाकलणारी आहे, क्रेनवाला आहे, निधनवाला आहे. एक जागा उरली आणि बाईंनी वेगळ्या ढिगातून एकेचाळीस काढली.

भूलतज्ज्ञ म्हणाले, "गोष्ट उत्तम आहे हो. पण याच्या पुस्तकाच्या आधी ही छापली, तर या पोरावर अन्याय होईल. लोक म्हणतील यानेच तिची उचलली."

बाई म्हणाल्या, "तेच म्हणते मी. ठेवून देऊ."

मी म्हणालो, "बाई, एक पान वाचता का?"

माझ्याकडे 'कुलूप'चा कच्चा मसुदा होता, मुंग्यांची वरात, सव्वा पानाच्या शेवटासकट. तो घरी शोधायला लागला नाही. तुझ्या जुन्या कपाटात, माझ्या सगळ्या कच्च्या कागदांच्या गठ्ठ्यात, तारीख घालून टाचणी लावून ठेवला होतास. टाचणी गंजलीय, कागदावर डाग पडलाय. तू माझं काहीच फेकलं नाहीस.

बाईंनी चष्मा वर ढकलून वाचलं. एकदा वाचलं. मग मोठ्याने एक वाक्य वाचलं, "काळ हे एक बंद शटर आहे आणि आपण सगळे त्याच्या बाहेर उभे."

भूलतज्ज्ञांनी खोकला काढला.

"हे तू लिहिलंस?" बाई म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "हो. हे तूच लिहिलंयस."

इतकं कुणी मारलं नव्हतं मला आजवर.

"मग चष्मा कुणी लिहिला?"

"एकेचाळीसने."

"ओळखत नाहीस म्हणाला होतास."

"माझी वहिनी आहे. होती. माझं लिखाण सुवाच्य करून द्यायची. करताना शेवट बदलला. मी पाठवला. कुणाला सांगितलं नाही, तिलासुद्धा नाही."

भूलतज्ज्ञ म्हणाले, "म्हणजे नक्कल कुणी कुणाची केली?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "एकाच बाईने दोन शेवट लिहिलेत. मी मध्ये उभा होतो."

बाईंनी एकेचाळीसची पानं उचलली आणि अकरांच्या वर ठेवली. खाली नाही, वर. पुस्तकात पहिली तुझी गोष्ट आहे, वहिनी.

मग हात पुढे केला. "पाकिटांच्या खणाची किल्ली." दिली. नोकरी राहिली, पण यापुढे मी फक्त टाइप करणार आणि परिचय लिहिणार. आज सकाळी माझ्या पुस्तकाचा गठ्ठा टेबलावर परत आलेला होता, वर चिठ्ठी: "'कुलूप'च्या खाली दोन नावं घालायची की तुझा जुना शेवट, हे तिला विचार. बाकी नऊपैकी दोन बऱ्या आहेत. पुढच्या वर्षी बघू." दोन कुठल्या ते लिहिलं नाही. तू ओळखशील.

आता मला हलकं वाटतंय वगैरे लिहायला हवं ना? नाही वाटत. जळतोच आहे. भूलतज्ज्ञ निघताना म्हणाले, "तुझ्या त्या वहिनीला भेटवशील का?" आणि मी परत जळालो. इतक्या दिवसांत मला भेटायचं आहे असं त्यांनी म्हटलं नाही, समोर बसलेला असून. पण एक फरक पडलाय. पूर्वी जळायचो आणि तोंडाने म्हणायचो, तुझं अक्षर सुंदर आहे. आता जळतो आणि तुलाच सांगतो.

रात्री जेवताना दादाला सांगितलं, तिची गोष्ट येतेय पुस्तकात, पहिली. तो घास तसाच धरून राहिला. मग म्हणाला, "ती लिहायची?" आई म्हणाली, "लिहायची की. धोब्याच्या हिशेबाच्या वहीच्या मागे." म्हणजे आईला माहीत होतं! दादाने आणखी काही विचारलं नाही. पण प्रश्न एक विचारला, वहिनी. तीन वर्षं उशिरा. पोचवतो, घे नाहीतर सोड.

सोबत परिचयाचं प्रूफ आहे. तिसरी ओळ मी भरलीय, तू सांगितलंस तशी. आधी कळलं नव्हतं तू काय मागत होतीस. (कळलं होतं. पहिल्या कार्डातच कळलं होतं.)

"वय चौतीस. कृत्रिम पाय बनवायच्या कारखान्यात साचे घासतात. यापूर्वीचं लेखन: 'कुलूप' या कथेचा शेवट, ती कथा या पुस्तकाच्या संपादन सहाय्यकाने स्वतःच्या नावावर छापली आणि बक्षीस घेतलं."

बाई म्हणाल्या, तिसरी ओळ लांब झाली. म्हटलं, असू दे, भरायला तीन वर्षं लागली.

नीट वाच आणि काय खोडायचं ते खोड. मी पाकीट अजून चिकटवलेलं नाही, छापखान्यात सोमवारी जाईल. आणि माझ्या ओळीला हात लावलास, शेवट बदललास, तर या वेळी मी येऊन ओरडेन. तुमच्या खिडकीसमोर उभा राहून, त्या चष्मेवाल्यासमोर. तू आतून भांड.

भाऊजी